जुने सांभाळत नवे घडवायचे: एकाच संस्थेला दोन्ही उद्दिष्टे खरोखर पेलतात का?

लंबक

नमस्कार. गेली चौदा वर्षे मी दाब मोजणारी औद्योगिक उपकरणे बनवणाऱ्या एका कंपनीत काम करतो. त्यातली शेवटची तीन वर्षे आठ जणांच्या विकास विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे. या वर्षाच्या सुरुवातीला आमच्या विभागासाठी दोन उद्दिष्टे ठरली. पहिले, सध्या विकल्या जाणाऱ्या उपकरणांबद्दलच्या तक्रारी निम्म्यावर आणणे. दुसरे, पूर्णपणे नव्या तत्त्वावर चालणारा सेन्सर वर्षअखेरीस चाचणीसाठी तयार ठेवणे. दोन्ही मला मनापासून पटलेली आहेत, त्यामुळे वरून काहीतरी लादले गेल्याची ही तक्रार नाही.

अडचण वेगळीच आहे. तक्रारींचा आकडा दर सोमवारी सर्वांसमोर मांडला जातो. नव्या सेन्सरबद्दल मात्र महिन्यातून एकदा विचारणा होते आणि "काम चालू आहे" एवढ्या उत्तरावर सगळ्यांचे समाधान होते. एखादे उपकरण बंद पडल्याचा फोन आला की मी स्वतःच सेन्सरवर बसलेल्या माणसाला उठवतो, कारण त्या क्षणी तेच योग्य वाटते. काल मी नऊ महिन्यांचे कामाचे तक्ते काढून पाहिले, तेव्हा सेन्सरवर सलग, कोणी मध्ये न उठवता झालेले काम जेमतेम दोन आठवड्यांचे भरले. प्रत्येक वेळचा निर्णय बरोबर होता आणि तरीही सगळ्यांची बेरीज चुकली, ही गोष्ट मला अस्वस्थ करते आहे.

नव्या कामासाठी स्वतंत्र गट काढणे हाच यावरचा उपाय आहे का? की नेतृत्वाने दोनपैकी एक उद्दिष्ट निवडायचे टाळले, म्हणून हे ओझे आमच्या रोजच्या कामावर येऊन पडले आहे? ज्यांनी हे जवळून पाहिले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे अशी विनंती.

ओंजळ

आपण जे वर्णन केले आहे, त्याची नेमकी मांडणी जेम्स मार्च या अभ्यासकाने १९९१ मध्ये एका शोधनिबंधात केली होती. संस्था दोन प्रकारे शिकते. जे येते ते अधिक चांगले करत जाणे हा एक प्रकार आणि जे अजून येत नाही ते धुंडाळणे हा दुसरा. पहिल्या प्रकाराचे फळ लवकर मिळते, जवळच दिसते आणि बऱ्यापैकी खात्रीचे असते. दुसऱ्याचे फळ दूर असते, अनिश्चित असते आणि पुष्कळदा ते येतच नाही. त्यामुळे संस्था अनुभवातून जितकी मन लावून शिकते, तितकी ती पहिल्या बाजूला झुकत जाते, असे त्याचे प्रतिपादन होते.

म्हणूनच "प्रत्येक निर्णय बरोबर आणि बेरीज चूक" हे आपले वाक्य मला फार महत्त्वाचे वाटले. यात कोणाचा आळस नाही, दुष्टपणाही नाही. तक्रार मिटल्याचे समाधान आपल्याला त्याच दिवशी मिळते, सेन्सरचे मिळत नाही, आणि मन त्यातून आपोआप शिकते.

पायवाट

स्वतंत्र गट काढा. माझे मत यात स्पष्ट आहे. विमाने बनवणाऱ्या लॉकहीड या अमेरिकन कंपनीत १९४३ मध्ये केली जॉन्सन या अभियंत्याच्या हाताखाली एक लहान गट मुख्य कारखान्याच्या नियमांपासून वेगळा ठेवला गेला आणि त्या गटाने एक्सपी-८० हे जेट लढाऊ विमान १४३ दिवसांत उभे केले. आयबीएमसारख्या अवाढव्य कंपनीने १९८१ मध्ये पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तोही मुख्यालयापासून दूर, बोका रेटन येथे बसलेल्या छोट्या गटाकडून, सुमारे वर्षभरात. प्रोसेसर इंटेलचा घ्यायचा आणि ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची घ्यायची, हे निर्णय नेहमीच्या वाटेने गेले असते तर किती काळ अडकून पडले असते, याची कल्पना करून पाहा. ज्या घरात रोज पाहुण्यांची वर्दळ असते, तिथे अभ्यास होत नाही. अभ्यासाला वेगळी खोलीच लागते.

निरभ्र

पायवाट यांच्या उदाहरणांवर माझा आक्षेप नाही, पण ती अर्धी गोष्ट सांगतात. वेगळी खोली दिल्यावर अभ्यास होतो हे खरे. त्या अभ्यासाचे पुढे घरात काय होते, हा खरा प्रश्न आहे.

झेरॉक्सने १९७० मध्ये पालो आल्टो येथे संशोधन केंद्र काढले. तिथे १९७३ मध्ये आल्टो हा संगणक तयार झाला. पडद्यावरची चित्रे, माऊस, आणि इथरनेटच्या जाळ्याने एकमेकांना जोडलेली यंत्रे हे सर्व त्या इमारतीत होते. तरीही वैयक्तिक संगणकाच्या बाजारात झेरॉक्सचे नाव राहिले नाही. अंतर इतके राखले गेले होते की मुख्य कंपनीतल्या विक्री आणि उत्पादन सांभाळणाऱ्यांना हे काम आपले वाटलेच नाही. लेझर प्रिंटर हा मात्र अपवाद ठरला. तोही तिथेच विकसित झाला, १९७७ मध्ये ९७०० या नावाने बाजारात आला आणि कंपनीला त्याने उत्तम उत्पन्न मिळवून दिले. माझ्या मते याचे कारण साधे आहे. कागदावर छापणारे मोठे यंत्र कसे विकायचे, त्याची देखभाल कशी करायची, हे कॉपियर विकणाऱ्या कंपनीला आधीच ठाऊक होते. त्या एका शोधाला परत यायला वाट होती, बाकीच्यांना नव्हती.

तेव्हा वेगळा गट काढताना तो गट परत कोणत्या दाराने आत येणार, हे आधीच ठरवावे लागते. पुढचे पुढे पाहू असे म्हटले की ते दार बांधलेच जात नाही.

कातळ

मूळ लेखकाला एक विचारतो. आठ माणसांतून वेगळा गट कसा काढणार? लॉकहीड आणि झेरॉक्स यांच्याकडे किती मनुष्यबळ होते, हे लक्षात घेऊन उदाहरणे द्यावीत असे वाटते.

लंबक

कातळ यांचा मुद्दा नेमका आहे. आठ जणांपैकी यांत्रिक रचना आणि इलेक्ट्रॉनिक्स या दोन्ही बाजू जाणणारे दोघेच आहेत. अवघड तक्रारही त्यांच्यावाचून सुटत नाही आणि सेन्सरही त्यांच्यावाचून पुढे जात नाही. विभागाचे दोन तुकडे कागदावर सहज पडतील, पण त्या दोघांचे तुकडे मला करता येणार नाहीत.

धूळपाटी

या चर्चेत आज ना उद्या फोटोची फिल्म बनवणाऱ्या कोडॅकचे नाव येईल आणि "कोडॅक झोपून राहिली" हे नेहमीचे वाक्यही येईल, म्हणून मी आधीच लिहितो. ते वाक्य मला अन्यायाचे वाटते.

कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या अभियंत्याने १९७५ मध्ये डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना बनवला. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्र कृष्णधवल, आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. त्या अवस्थेतल्या यंत्राला फिल्मचा प्रतिस्पर्धी मानणे त्या वेळी कोणालाही कठीण गेले असते. पुढेही कंपनी हातावर हात ठेवून बसली नाही. तिने डिजिटल तंत्रावर प्रचंड खर्च केला आणि २००५ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक डिजिटल कॅमेरे विकणारी कंपनी कोडॅकच होती. तरीही जानेवारी २०१२ मध्ये तिला दिवाळखोरीसाठी अर्ज करावा लागला.

मग चुकले कुठे? फिल्मच्या प्रत्येक रोलवर, त्याच्या धुलाईवर आणि छपाईच्या कागदावर पुन्हा पुन्हा पैसे मिळत असत आणि त्या व्यवसायाचा नफा फार मोठा होता. डिजिटल कॅमेरा एकदा विकला की संपले, आणि त्यावरही किमतींची चढाओढ. म्हणजे कंपनीची दोन उद्दिष्टे, नव्या तंत्रात पुढे राहणे आणि पूर्वीइतका नफा राखणे, ही एकमेकांच्या मुळावर उठणारी होती. पहिले जितके साधेल तितके दुसरे हातचे जाणार होते. अशा ठिकाणी "समतोल" हा शब्द काही कामाचा नसतो. कोणते उद्दिष्ट लहान करायचे हे मोठ्याने सांगावे लागते.

फिल्म बनवणाऱ्याच फुजीफिल्म या जपानी कंपनीची तुलना इथे उपयोगी पडते. फिल्मची मागणी २००० च्या सुमारास शिखराला पोहोचून झपाट्याने कोसळू लागली, तेव्हा त्या कंपनीने आपल्याला नक्की काय येते याची झाडाझडती घेतली. अतिशय पातळ, निर्दोष थर बनवणे येत होते, त्यातून एलसीडी पडद्यांसाठी लागणारी संरक्षक फिल्म मोठी झाली. फोटोच्या फिल्ममध्ये कोलॅजन असते आणि रंग उडू नयेत म्हणून ऑक्सिडीकरण रोखावे लागते. त्या ज्ञानावर २००७ मध्ये अ‍ॅस्टालिफ्ट ही त्वचेसाठीची प्रसाधने आली. हे कौतुकाने सांगितले जाते आणि सांगावेच, पण याच कंपनीने २००६ मध्ये फोटोच्या व्यवसायातील सुमारे ५,००० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली होती, हा भाग कौतुकाच्या ओघात गाळला जातो. नवे साधताना "आपल्या माणसांना सांभाळणे" हे तिसरे उद्दिष्ट तिथे मागे पडले. त्या निर्णयाला पर्याय होता की नव्हता यावर वाद होईल. किंमत मोजली गेली, यावर मात्र वाद नसावा.

ओंजळ

धूळपाटी, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. एक भर घालते. कोडॅकची उद्दिष्टे एकमेकांना खाणारी होती. मूळ लेखकाची दोन उद्दिष्टे तशी नाहीत, ती फक्त एकाच वेळेसाठी आणि त्याच माणसांसाठी झगडत आहेत. हे दोन आजार वेगळे आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी असणार.

दीपमाळ

मी रुग्णालयात संसर्ग-नियंत्रणाचे काम करते, त्यामुळे माझा दृष्टिकोन थोडा निराळा आहे. आमच्याकडे सुरक्षितता आणि नवी उपचारपद्धती यांची ओढाताण सतत असते आणि दोन्ही बाजूंना रुग्णच उभा असतो. नवे आणले नाही तर आजच्या पद्धतीच्या मर्यादेमुळे काही जणांचे नुकसान होते. घाईने आणले तर आणखी कोणाचे. म्हणून नवी पद्धत सुरू करण्यापूर्वी ती कोणत्या स्थितीत थांबवायची, हे आम्ही आधी लिहून काढतो. किती रुग्णांनंतर आढावा, कोणता त्रास दिसला तर तत्काळ बंद, आणि बंद करण्याचा अधिकार कोणाला. हे सर्व उत्साह ओसरण्यापूर्वी, सगळे शांत असताना लिहिले जाते, कारण गोष्टी बिघडू लागल्यावर थांबण्याची रेषा प्रत्येक जण आपल्या सोयीने सरकवू लागतो.

ही रेषा आधी न आखल्याचा परिणाम किती भयंकर असू शकतो, याचे उदाहरण म्हणून मला बोइंग ७३७ मॅक्स आठवते. एअरबसने डिसेंबर २०१० मध्ये कमी इंधन खाणाऱ्या ए३२० निओची घोषणा केल्यावर बोइंगने २०११ मध्ये जुन्याच ७३७ ला नवी, मोठी इंजिने बसवण्याचे ठरवले. विमान लवकर हवे, खर्च आटोक्यात हवा, आणि आधीच्या ७३७ च्या वैमानिकांना सिम्युलेटरवरचे नवे प्रशिक्षण लागू नये, अशा अपेक्षा एकाच वेळी होत्या. नव्या इंजिनांमुळे काही स्थितींत विमानाचे वागणे बदलत होते, ते जुन्यासारखे भासावे म्हणून एमकॅस नावाची संगणकीय यंत्रणा बसवली गेली. विमानाचे नाक किती वर आहे हे सांगणाऱ्या एकाच सेन्सरच्या आकड्यावर ती विमानाचे नाक खाली दाबू शकत होती. २९ ऑक्टोबर २०१८ आणि १० मार्च २०१९ या दोन दिवशी झालेल्या अपघातांत मिळून ३४६ माणसे गेली.

"प्रशिक्षण लागू नये" हे मुळात विक्रीचे उद्दिष्ट होते. ते हळूहळू रचनेची अट बनले आणि त्यापुढे इतर प्रश्न गौण ठरत गेले. सुरक्षितता प्रथम हे वाक्य प्रत्येक संस्था लिहिते आणि लिहिणाऱ्यांचा त्यावर विश्वासही असतो. म्हणूनच भिंतीवर काय लिहिले आहे हे मी पाहत नाही. दोन उद्दिष्टे समोरासमोर आली तेव्हा कोणते गप्प बसले, ते पाहते.

पायवाट

दीपमाळ यांच्या प्रतिसादातील गांभीर्य मान्य आहे, परंतु त्यावरून "घाई म्हणजे धोका" असा सरसकट निष्कर्ष निघू नये. नासाने १९९० च्या दशकात डॅनियल गोल्डिन यांच्या काळात वेगवान, सरस आणि स्वस्त मोहिमा असे धोरण घेतले. त्यातूनच पाथफाइंडर हे यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले, तेही पूर्वीच्या व्हायकिंग मोहिमेच्या खर्चाच्या लहानशा अंशात. मोठ्या, महागड्या मोहिमांची वाट पाहत बसले असते तर पृष्ठभागावर फिरणारी ती छोटी गाडी कितीतरी उशिरा दिसली असती.

निरभ्र

आणि १९९९ मध्ये त्याच धोरणाखाली मंगळाकडे गेलेली दोन याने गमावली गेली. मार्स क्लायमेट ऑर्बिटरच्या बाबतीत एका बाजूचे सॉफ्टवेअर बळाचे आकडे पाउंडात देत होते आणि दुसरी बाजू ते न्यूटनमध्ये समजून वापरत होती. ही चूक पकडायला फार मोठी बुद्धी लागत नाही. तपासणारी माणसे आणि त्यांच्याकडे थोडी सवड लागते. स्वस्त आणि वेगवान ही दोन उद्दिष्टे मोजता येत होती, म्हणून ती घट्ट धरली गेली. सरस हे उद्दिष्ट यान पोहोचल्यावरच कळणारे होते.

पायवाट

हे मला मान्य आहे. तरी एक गोष्ट नोंदवतो. मोहिमा स्वस्त आणि पुष्कळ असतील, तर त्यातील काही अपयशी होणार हे त्या धोरणात गृहीतच होते. अपयशाची तयारी आहे असे आधी म्हणायचे आणि अपयश आल्यावर धोरणच चुकीचे होते म्हणायचे, हेही संस्थेच्या उद्दिष्टांमधले द्वंद्वच आहे. माणसे घेऊन जाणारे विमान आणि यंत्र घेऊन जाणारे यान यांना एक माप लावता येणार नाही, इतकेच मला म्हणायचे आहे.

दीपमाळ

या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. किती अपयश परवडेल, हे उद्दिष्टासोबतच लिहिले गेले पाहिजे.

तिफण

"नव्या कामासाठी आठवड्यातला एक दिवस" या योजनेत मी पाच वर्षे काढली आहेत, म्हणून त्याविषयी लिहितो.

या कल्पनेचे मूळ उदाहरण थ्रीएम कंपनीचे. तिथे तांत्रिक कर्मचाऱ्यांना आपल्या वेळेचा १५ टक्के भाग स्वतःच्या कल्पनेवर घालवण्याची मुभा आहे. स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये अगदी हलके चिकटणारा गोंद सापडला, ज्याचा काय उपयोग करावा हे कोणालाच कळेना. आर्ट फ्राय यांना १९७४ मध्ये, पुस्तकातून गळून न पडणाऱ्या खुणेच्या रूपाने, त्याचा उपयोग सुचला. चिकटणाऱ्या त्या पिवळ्या चिठ्ठ्या देशभर विक्रीला आल्या १९८० मध्ये. म्हणजे बारा वर्षे! त्या बारा वर्षांत कोणत्याही तिमाही आढाव्यात या गोंदाने आपली बाजू कशी मांडली असती?

आमच्या संस्थेने ती मुभा उचलली, पण वार्षिक मूल्यमापनाचा तक्ता तसाच ठेवला. त्या तक्त्यात फक्त नेमून दिलेल्या कामाचे रकाने होते. पहिल्या वर्षी वीसेक जण उत्साहाने त्या दिवशी आपापले काम घेऊन बसत. दुसऱ्या वर्षी बढत्या जाहीर झाल्या आणि त्यात त्यांच्यापैकी एकही नव्हता. तिसऱ्या वर्षी तो दिवस शिल्लक कामे उरकण्याचा दिवस झाला. योजना कधीच रद्द झाली नाही. माझ्या माहितीप्रमाणे ती कागदावर आजही चालू आहे. मला याचे अजूनही वाईट वाटते, कारण त्या वीस जणांतले दोघे खरोखर विलक्षण काहीतरी करत होते.

थ्रीएमनेही ही ओढाताण पुढे अनुभवली. जेम्स मॅकनर्नी २००१ पासून तिथे प्रमुख असताना सिक्स सिग्माची, म्हणजे कामातले दोष आणि चढउतार मोजून कमी करत नेण्याची, पद्धत संशोधनापर्यंत नेली गेली. खर्च आवरला, नफा सुधारला, पण प्रयोगशाळांतून नव्याचा ओघ आटतो आहे अशी टीका होऊ लागली. त्यांच्यानंतर आलेल्या जॉर्ज बकली यांनी संशोधकांवरचा तो काच सैल केला. कारखान्यात चढउतार कमी करणे हेच काम असते, प्रयोगशाळेत चढउतार हाच कच्चा माल असतो. एकच पट्टी दोन्हीकडे लावली की एक बाजू गुदमरते.

धूळपाटी

तिफण, एक दुवा जोडतो. हेच मॅकनर्नी २००५ मध्ये थ्रीएम सोडून बोइंगचे प्रमुख झाले आणि मॅक्सचा निर्णय झाला तेव्हा ते त्या पदावर होते. एका माणसावर सगळे ढकलणे चूक ठरेल, बोइंगची घडण त्यांच्या आधीपासून बदलत होती. पण एका जागी यशस्वी ठरलेली शिस्त माणूस आपल्यासोबत पुढच्या जागी नेतो, याची नोंद घ्यावी असे वाटते.

सांजसकाळ

बाहेरून वाचणाऱ्या ग्राहकाच्या बाजूने एक लहानशी नोंद. नेटफ्लिक्सने २०११ मध्ये डीव्हीडीची सेवा आणि स्ट्रीमिंग वेगळे केले. आधी दर वेगळे केले, मग सप्टेंबरमध्ये डीव्हीडीसाठी वेगळ्या नावाची घोषणा केली आणि ऑक्टोबरमध्ये ती मागेही घेतली. त्या तिमाहीत अमेरिकेतील सुमारे ८ लाख सदस्य कमी झाले. दिशा बरोबर होती, हे पुढे सिद्ध झाले. पण आपल्या घरातल्या वाटणीचा त्रास ग्राहकाने सोसावा, ही अपेक्षा चुकली.

रानवेल

मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण लंबक यांनी उपाय विचारला आहे.

इंटेलची १९८५ ची गोष्ट मला त्यांच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळची वाटते. इंटेल ही मूळची मेमरी चिप बनवणारी कंपनी. जपानी स्पर्धेपुढे त्या व्यवसायात टिकणे अशक्य होत चालले होते, पण मेमरी म्हणजेच आपण, ही वरिष्ठांची भावना इतकी खोल होती की त्यातून बाहेर पडण्याचा निर्णय होत नव्हता. या काळात कारखान्यात मात्र एक साधा नियम लागू होता. ज्या उत्पादनातून प्रत्येक वेफरमागे (चिप ज्यावर घडवतात त्या सिलिकॉनच्या चकतीमागे) अधिक नफा, त्याला उत्पादनक्षमतेचा अधिक वाटा. या नियमाने, कोणतीही घोषणा न होता, कारखाने मेमरीकडून मायक्रोप्रोसेसरकडे सरकत गेले. कंपनीचे नेतृत्व करणाऱ्या अँडी ग्रोव्ह आणि गॉर्डन मूर यांनी अखेर मेमरी सोडण्याचे ठरवले, तेव्हा प्रत्यक्षात बरेचसे सोडून झालेले होते.

यात मला दिसणारी गोष्ट अशी की संस्थेचे धोरण भाषणात नसते, ते वाटपाच्या नियमात असते. इंटेलचा नियम सुदैवाने नव्याच्या बाजूचा निघाला. लंबक यांच्या विभागातही असा एक नियम आहे आणि तो कोणी लिहिलेला नाही: फोन आला की सेन्सरवरचा माणूस उठेल. हा नियम दोन उद्दिष्टांपैकी एकाला कायमचा झुकते माप देतो. माझी सूचना एवढीच की तो नियम कागदावर लिहा आणि वरिष्ठांना दाखवा. तो मान्य असेल तर सेन्सरचे उद्दिष्ट त्यांनी स्वतःच्या हाताने खोडावे. मान्य नसेल तर कोणत्या तक्रारीसाठी माणूस उठेल आणि कोणत्या तक्रारीला थांबावे लागेल, हे त्यांनी ठरवावे. आज हा निवाडा लंबक यांना एकट्याने, फोन कानाला लावलेल्या अवस्थेत करावा लागतो. त्या जागी कोणीही असता तरी हाच निवाडा झाला असता.

मृगजळ

मी वेगळी बाजू मांडतो. काही वेळा दोन उद्दिष्टांमधला विरोध आपल्या अज्ञानामुळे दिसतो. टोयोटाने १९९३ मध्ये पुढच्या शतकातील गाडीचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा इंधनक्षमता दीडपट करण्याचे लक्ष्य होते. ते पुढे दुप्पट केले गेले. दीडपटीपर्यंत नेहमीच्या इंजिनाला घासूनपुसून पोहोचता आले असते. दुप्पट म्हटल्यावर तो मार्गच बंद झाला आणि हायब्रिड रचनेकडे वळावे लागले. डिसेंबर १९९७ मध्ये प्रियस आली. दोन्ही मागण्या सोडायच्या नाहीत असा हट्ट धरल्यामुळे तिसरी वाट सापडली. लंबक यांनी एकदा असे पाहावे की तक्रारी आणि नवा सेन्सर यांच्यात कुठे समान मूळ आहे का.

कातळ

टोयोटाकडे पैसा होता आणि धीर धरण्याची ऐपत होती. असा हट्ट दुर्बळ संस्थेने धरला तर माणसे रात्री जागतात आणि त्यालाच तिसरी वाट म्हटले जाते. मी दोन ठिकाणी हे पाहिले आहे. दोन्ही उद्दिष्टे शंभर टक्के हवीत असे सांगणाऱ्याने सोबत वेळ तरी द्यावा किंवा माणसे तरी द्यावीत.

मृगजळ

हा इशारा रास्त आहे. हट्ट धरणाऱ्याने त्याची किंमत स्वतः उचलली पाहिजे, हे मी लिहायला हवे होते.

लंबक

तीन आठवड्यांनी परत लिहितो आहे. सर्वांचे मनापासून आभार. या धाग्यातील प्रतिसाद मी छापून विभागात वाचायला दिले.

रानवेल यांच्या सूचनेप्रमाणे तो न लिहिलेला नियम मी कागदावर उतरवला आणि नऊ महिन्यांत कोणत्या तक्रारीसाठी कोण उठले याची यादी जोडली. यादी करताना मृगजळ यांचे म्हणणेही थोडे खरे ठरले. त्या दोघांना उठवणाऱ्या तक्रारींपैकी जवळजवळ एक तृतीयांश एकाच प्रकारच्या सीलच्या गळतीमुळे होत्या, आणि नव्या सेन्सरला जे सील लागणार आहे त्याचा प्रश्न बऱ्याच अंशी तोच आहे. तेवढ्या भागापुरती आमची दोन उद्दिष्टे एकच काम मागत होती. उरलेल्या दोन तृतीयांश तक्रारींचा सेन्सरशी काही संबंध नाही, तिथे ओढाताण खरीच आहे.

बैठकीत मी त्या दोघांसाठी सलग सहा आठवडे मागितले. विक्री विभागाच्या प्रमुखांनी विरोध केला आणि त्यांचा विरोध प्रामाणिक होता: बंद पडलेल्या उपकरणासमोर उभ्या असलेल्या माणसाला आमच्या भविष्याशी काय देणेघेणे? शेवटी चार आठवडे मिळाले. दीपमाळ यांचे ऐकून मी थांबण्याची रेषाही लिहून घेतली. या काळात अवघड तक्रारीला उत्तर देण्याची मुदत दोन दिवसांवरून पाच दिवसांवर जाईल. ज्या तक्रारीत माणसाच्या सुरक्षिततेला धोका आहे, तिला मात्र हा नियम लागू नाही आणि तिथे दोघेही तत्काळ उठतील. या कागदावर आमच्या संचालकांनी सही केली.

पहिल्याच आठवड्यात एका मोठ्या ग्राहकाचे उपकरण चुकीचे आकडे दाखवू लागले. धोका नव्हता, फक्त त्यांचे काम अडले होते. माझा हात फोनकडे गेला होता हे मान्य करतो. मी त्या दोघांना न बोलावता विभागातल्या सर्वांत नव्या मुलीला पाठवले. तिला चार दिवस लागले, त्या दोघांपैकी कोणालाही एकच लागला असता. ग्राहकाने नाराजीचे पत्र लिहिले आणि ते पत्र सोमवारच्या बैठकीत वाचले गेले. संचालकांनी ऐकून घेतले आणि सही मागे घेतली नाही.

सेन्सरचे म्हणाल तर सीलचा नवा नमुना काल पहिल्यांदा पूर्ण दाबाखाली रात्रभर टिकला. बाकी बरेच काही अजून जमलेले नाही.

कातळ

वाचून फार बरे वाटले. पाचव्या आठवड्याचे काय?

लंबक

ते अजून ठरलेले नाही. पुढच्या सोमवारच्या विषयपत्रिकेवर मी तोच एक विषय ठेवला आहे, आणि त्या बैठकीला ती मुलगीही येणार आहे. त्या चार दिवसांत तिने काय शिकले, हे तीच सांगेल.